२२ तासिका आणि ४० तास: कोरियातल्या सरकारी शाळेत परदेशी शिक्षकाचा ओव्हरटाइम कसा मोजतात

कोरियातल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकाच्या करारात दोन आकडे हमखास असतात: २२ आणि ४०. आठवड्याला २२ तासिका शिकवायच्या आणि आठवड्याला ४० तास शाळेत हजर राहायचं. ओव्हरटाइमवरून होणाऱ्या भांडणांपैकी बरीचशी या दोन आकड्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. शिक्षक २२ च्या हिशेबाने बोलत असतो, शाळेचं ऑफिस ४० च्या हिशेबाने, आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याला समजावता समजावता मधली कोरियन को-टीचर (त्याच्यासोबत वर्ग घेणारी सहशिक्षिका) रडकुंडीला येते.

पुढे जाताना एवढं पक्कं धरून चला: या लेखात 'तासिका' म्हणजे पिरियड आणि 'तास' म्हणजे घड्याळाचा साठ मिनिटांचा तास.

आपल्याकडच्या वाचकाला एक गैरसमज लगेच होऊ शकतो. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर काम करणारे हजारो प्राध्यापक आहेत. जेवढ्या तासिका घेतल्या तेवढेच पैसे, सुट्टी लागली की कमाई बंद. कोरियातला परदेशी शिक्षक तसा नसतो. त्याला ठरलेला मासिक पगार असतो, राहायला घर किंवा घरभाड्याची रक्कम असते, भरपगारी रजा असते. २२ हा त्याच्या कमाईचा आधार नाही, त्याच्या शिकवण्याची मर्यादा आहे. ती ओलांडली की वेगळे पैसे.

आता ही नोकरी नेमकी कोणाची, ते थोडक्यात. कोरियाच्या शिक्षण मंत्रालयाखालची एक राष्ट्रीय संस्था १९९५ पासून 'एपिक' नावाची योजना चालवते. जाहिरात, मुलाखत, प्रशिक्षण ती करते. पण शिक्षक जातो तो एखाद्या महानगराच्या किंवा प्रांताच्या शिक्षण कार्यालयाकडे. सोल, बुसान, देगू, ग्यंगी, जेजू अशी एकूण १७ कार्यालयं आहेत. कराराचा सांगाडा सगळीकडे सारखा असला तरी दर, भत्ते आणि बारीक अटी बदलतात. त्यामुळे "बुसानमधल्या मैत्रिणीला मिळतात, मग मला का नाही?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'तिचा करार वेगळा आहे' एवढंच असतं.

या योजनेत अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांचे नागरिक घेतले जातात. यात मराठी घरांत वाढलेली, पण पासपोर्ट अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा असलेली मुलंही येतात. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक अरुंद वाट आहे. भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापक आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यानुसार पदवी आणि इंग्रजीची शिक्षक-पात्रता असलेल्या भारतीयांना कोरियन शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून ई-२ व्हिसावर (परदेशी भाषा-शिक्षकांना मिळणाऱ्या व्हिसावर) काम करता येतं. कोणत्याही वाटेने गेलात तरी पुढचं गणित तेच.

पहिलं घड्याळ: तासिका

२२ हा आकडा फक्त करारातला आहे. कोरियाच्या कामगार कायद्यात तो शोधायला गेलात तर सापडणार नाही. म्हणूनच त्याचे नियमही करारच ठरवतो.

प्राथमिक शाळेत तासिका ४० मिनिटांची, माध्यमिकमध्ये ४५, उच्च माध्यमिकमध्ये ५०. मर्यादा मात्र तिन्हीकडे २२ च. म्हणजे प्राथमिकच्या शिक्षकाचं आठवड्याचं प्रत्यक्ष शिकवणं १४ तास ४० मिनिटं होतं आणि उच्च माध्यमिकच्या शिक्षकाचं १८ तास २० मिनिटं. पगाराची श्रेणी एकच असेल तर पगार सारखाच. अन्याय वाटतो, आणि थोडा आहेही. पण कोरियात शाळेतलं इंग्रजी तिसरीपासून सुरू होतं, आणि तिसरीच्या तीसेक पोरांसमोर सलग ४० मिनिटं गाणं, खेळ, हातवारे करत उभं राहणं काय असतं ते करणाऱ्यालाच ठाऊक. मिनिटांच्या हिशेबाने श्रम मोजता येत नाहीत, एवढं म्हणून पुढे जाऊ.

तेविसाव्या तासिकेपासून जादा पैसे सुरू होतात. अनेक करारांत हा दर तासिकेला २०,००० वॉनच्या आसपास असतो, म्हणजे साधारण बाराशे रुपये. हा दर वर्षानुवर्षे फारसा हललेला नाही, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. २०१० साली कोरियातलं किमान वेतन तासाला ४,११० वॉन होतं. २०२५ मध्ये ते १०,०३० वॉन झालं. पूर्वी एका जादा तासिकेचे पैसे किमान वेतनाच्या जवळपास पाच तासांइतके होते, आता जेमतेम दोन तासांइतके. कोणी काही कापलं नाही, फक्त वाढवलं नाही, आणि त्याचा परिणाम कापल्यासारखाच झाला.

शिक्षक दोन किंवा तीन शाळांत जात असेल तर सगळ्या शाळांच्या तासिका एकत्र मोजायच्या. गावाकडच्या छोट्या शाळांत हे नेहमीचं आहे: सोमवार ते बुधवार एका शाळेत, उरलेले दोन दिवस दुसऱ्या. दोन्ही शाळांना वाटतं आपण तर फक्त १२-१३ च तासिका देतोय. बेरीज २५ झालेली असते आणि ती करणारं कोणीच नसतं. ती शिक्षकानेच करून दोन्हीकडे दाखवावी लागते.

काय मोजायचं हाही वादाचा विषय. नियमित वर्ग अर्थातच. शाळा सुटल्यावरचे जादा वर्ग, ज्यांना तिकडे 'बांगग्वाहू' म्हणतात, ते २२ मध्ये धरता येतात; तुमच्या नियमित तासिका १८ असतील तर शाळा चार बांगग्वाहू त्यात बसवू शकते, आणि मग त्यांचे वेगळे पैसे मिळत नाहीत. शिक्षकांसाठी घेतलेला इंग्रजी संभाषणाचा वर्ग, जेवणाच्या सुट्टीतलं इंग्रजी प्रसारण, वक्तृत्व स्पर्धेची तयारी ही कामं मात्र अधांतरी राहतात. यातलं काही नियमित होणार असेल तर ते छापील वेळापत्रकात घालून घ्यावं. वेळापत्रकात जे आहे ती तासिका. बाकीचं 'जरा मदत'.

दुसरं घड्याळ: तास

आता ४० कडे वळू. हा आकडा करारातही आहे आणि कायद्यातही. कोरियाच्या कामगार मानके कायद्याच्या ५० व्या कलमात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. दोन्ही बाजूंच्या संमतीने त्यावर आठवड्याला आणखी १२ तास काम करता येतं. कोरियात गाजलेला '५२ तासांचा आठवडा' तो हाच. कलम ५६ म्हणतं की या जादा तासांना नेहमीच्या दरावर किमान ५० टक्के वाढवून द्यायचं. रात्री दहा ते सकाळी सहाच्या कामाला आणखी ५० टक्के. आणि कलम ६ नुसार राष्ट्रीयत्वावरून कामाच्या अटींत भेदभाव करता येत नाही.

त्याच ५० व्या कलमात आणखी एक तरतूद आहे, जी परदेशी शिक्षकांनी पाठच करावी: मालकाच्या देखरेखीखाली वाट पाहत घालवलेला वेळ हाही कामाचा वेळच. परदेशी शिक्षक याला 'डेस्क वॉर्मिंग' म्हणतात. वर्ग नाही, पोरं नाहीत, पण साडेचारपर्यंत खुर्चीत बसायचं. हा वेळ तासिकेत मोजला जात नाही, पण ४० तासांत पूर्ण मोजला जातो. म्हणजे 'तुम्ही दिवसभर बसूनच होता, आता एक तास थांबलात तर काय झालं' हा युक्तिवाद कायद्यात टिकत नाही. बसणं हेही कामच होतं.

दुपारच्या जेवणाचं काय? कायदा आठ तासांच्या कामाला एक तास विश्रांती सांगतो आणि ती कामात धरली जात नाही. पण शाळांत शिक्षक मुलांसोबत जेवतात, त्यांच्यावर लक्ष ठेवतात, म्हणून जेवणाची वेळही कामातच धरण्याची पद्धत आहे. त्यामुळेच साडेआठ ते साडेचार हे पूर्ण आठ तास होतात. तुमच्या करारात हीच वेळ असेल तर चार वाजून तीस मिनिटांनंतरचं सांगितलेलं काम ओव्हरटाइम.

आता दर काढू. कोरियात मासिक पगारावरून ताशी दर काढताना २०९ ने भागतात. हा आकडा पहिल्यांदा पाहिला की गूढ वाटतो, पण सरळ आहे: आठवड्याचे ४० तास, अधिक साप्ताहिक भरपगारी सुट्टीचे ८, मिळून ४८, महिन्यात सरासरी सव्वाचार आठवड्यांहून किंचित अधिक, गुणाकार २०८.५७, तो २०९ धरतात.

समजा मूळ पगार २३ लाख वॉन आहे. भागिले २०९, म्हणजे ताशी ११,००५ वॉन. त्याच्या दीडपट म्हणजे १६,५०७. वक्तृत्व स्पर्धेसाठी को-टीचरच्या सांगण्यावरून आठवड्यात तीन दिवस सहापर्यंत थांबलात, तर साडेचार तासांचे सुमारे ७४,२८० वॉन झाले. या आठवड्यात तासिका १९ च होत्या तरीही. २२ पूर्ण झाल्या नाहीत म्हणून हे पैसे नाकारता येत नाहीत, कारण हे दुसरं घड्याळ आहे.

उलट बाजूही तितकीच खरी. आठवड्यात २५ तासिका घेतल्या, पण रोज साडेचारला घरी गेलात, तर कायद्याच्या लेखी ओव्हरटाइम शून्य. तुम्हाला मिळतील ते करारातले: तीन तासिका गुणिले २०,०००, म्हणजे ६०,०००. कामगार कार्यालयात जाऊन 'दीडपट द्या' म्हणालात तर ते करारावरच बोट ठेवतील.

दोन्ही घड्याळं एकदम वाजतात तेव्हा

साडेचारनंतर घेतलेली तेविसावी तासिका. इथे करारही लागू आणि कायदाही. दोन्हीकडचे पैसे एकावर एक मिळतात का? साधारणपणे नाही. नियम असा की करारातली रक्कम कायद्याने ठरणाऱ्या रकमेपेक्षा कमी नसावी. कलम १५ स्पष्ट आहे: करारातली अट कायद्यापेक्षा कमी देत असेल तर तेवढ्यापुरती ती रद्द आणि तिच्या जागी कायदा.

प्राथमिकची ४० मिनिटांची तासिका, २३ लाख पगार. कायद्याने त्या ४० मिनिटांचे होतात सुमारे ११,००० वॉन. करार देतो २०,०००. शिक्षक फायद्यात आहे, तक्रारीला जागा नाही. पण अनुभवी शिक्षकाचा पगार २९ लाख असेल आणि त्या जादा तासिकेपायी वर्गाची तयारी, आवराआवर धरून त्याला पूर्ण साठ मिनिटं थांबायला सांगितलं असेल, तर कायद्याची रक्कम २०,८१३ होते. इथे २०,००० अपुरे पडतात. मूळ पगार साधारण २७ लाख ८७ हजारांच्या पुढे गेला की घड्याळाच्या पूर्ण तासाला २०,००० वॉन हा दर कायद्याखाली जातो. पगारवाढ झाली, जादा कामाचा दर मात्र तसाच राहिला, अशा ठिकाणी हे नकळत घडतं. शिवाय 'नेहमीचा दर' काढताना फक्त मूळ पगार धरायचा की नियमित मिळणारे ठरावीक भत्तेही, यावर कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये आपली व्याख्या अधिक व्यापक केली. भत्ते धरले गेले तर दर आणखी चढतो.

सरासरीचा खेळ

सगळ्यात जास्त खटके उडतात ते इथे. माध्यमिक शाळेतला एक महिना घ्या. पहिल्या आठवड्यात २६ तासिका, दुसऱ्यात २६, तिसऱ्यात सहामाही परीक्षा म्हणून फक्त ८, चौथ्यात पुन्हा २६. शिक्षक म्हणतो: तीन आठवडे चार-चार जादा, एकूण १२, म्हणजे २,४०,००० वॉन. ऑफिस म्हणतं: एकूण ८६, भागिले ४, सरासरी साडेएकवीस, म्हणजे काहीच नाही.

दोघांचंही अंकगणित बरोबर आहे. फरक पायाचा आहे. करारात 'आठवड्याला २२' असं स्वच्छ लिहिलेलं असेल तर माझ्या मते सरासरीला जागा उरत नाही. परीक्षेच्या आठवड्यात शिक्षकाने सुट्टी मागितली नव्हती. तो आपल्या खुर्चीत बसलाच होता, आणि त्या ४० तासांचा पगार त्याला त्यासाठीच मिळाला. मात्र हीच तलवार उलटी चालवता येत नाही. चुसकच्या (कोरियातल्या सुगीच्या सणाच्या) सुट्टीच्या आठवड्यात वेळापत्रकात २६ छापलेल्या आहेत म्हणून चार तासिकांचे पैसे मागणं टिकत नाही. घेतलेली तासिका मोजतात, छापलेली नव्हे.

सुट्टीतलं शिबिर

उन्हाळी आणि हिवाळी सुट्टीत मुलं घरी, पण परदेशी शिक्षकाची रजा ठरावीक दिवसांचीच. उरलेल्या दिवसांत इंग्रजी शिबिर घ्यायचं किंवा रिकाम्या स्टाफरूममध्ये हीटरशेजारी बसायचं. शिबिर आठवड्याला १५-२० तासिकांचं असेल आणि साडेचारच्या आत संपत असेल तर त्याचे वेगळे पैसे नाहीत. २२ ओलांडल्या तरच.

कोरियन सहकारी मात्र या दिवसांत दिसत नाहीत, आणि नवख्याला वाटतं की सगळे फुकट सुट्टी मारतायत. तसं नाही. शैक्षणिक लोकसेवकांच्या कायद्याच्या कलम ४१ नुसार त्यांना शाळेबाहेर राहून अभ्यास-प्रशिक्षण करण्याची मुभा असते. परदेशी शिक्षक कंत्राटी कामगार आहे, लोकसेवक नाही, म्हणून ते कलम त्याला लागू नाही. चीड येणं साहजिक आहे. पण नाण्याची दुसरी बाजूही पाहावी: लोकसेवक नसल्यामुळेच त्याला कामगार कायद्याचं ५६ वं कलम मिळतं.

कोरियन शिक्षकाचा ओव्हरटाइम तर वेगळ्याच पद्धतीने चालतो. त्यांच्या नोंदवलेल्या जादा वेळेतून दिवसाला एक तास वजा होतो, दिवसाला चार तास आणि महिन्याला ५७ तास अशी वरची मर्यादा असते, आणि त्याखेरीज ठरावीक दहा तासांची एक बांधील रक्कम मिळते. शाळेच्या ऑफिसातल्या माणसाची आयुष्यभराची सवय या नियमांची. परदेशी शिक्षकाच्या दीड तासातून तो एक तास सहज वजा करून टाकतो, त्यात त्याचा डाव नसतो. 'हा नियम लोकसेवकांचा आहे, माझ्या करारात नाही' एवढं शांतपणे दाखवलं की बहुधा भागतं.

शनिवार, रविवार आणि जेवणावळ

मार्च २०१२ पासून कोरियातल्या शाळा पाच दिवसांच्या आठवड्यावर आल्या, त्यामुळे शनिवारचा वर्ग आता नेहमीचा राहिलेला नाही. पण स्पर्धा, मेळावे, उद्घाटनं शनिवारीच असतात. सोमवार ते शुक्रवार ४० तास भरले असतील तर शनिवारचं काम साधा ओव्हरटाइम. रविवार किंवा सार्वजनिक सुट्टीचं काम वेगळ्या खान्यात पडतं: पहिल्या आठ तासांना ५० टक्के वाढ, त्यापुढे १०० टक्के. पैशांऐवजी बदली रजा देण्याची सोय कायद्यात आहे, पण त्यासाठी कामगार प्रतिनिधीशी लेखी करार लागतो आणि रजाही दीडपटीने द्यावी लागते. चार तास कामाला चार तास रजा हा हिशेब कमी पडतो.

संध्याकाळची सामूहिक जेवणं, ज्यांना 'ह्वेशिक' म्हणतात, ती ओव्हरटाइममध्ये बसत नाहीत. कामगार मंत्रालयाने २०१८ मध्येच सांगितलंय की मनोबल वाढवण्यासाठीचं जेवण हा कामाचा वेळ नाही. मुख्याध्यापक आग्रहाने दहा वाजेपर्यंत बसवून ठेवतात तेव्हा हे पटत नाही, पण कायदा तसाच आहे. सक्तीचं प्रशिक्षण मात्र कामाच्या वेळेत मोजलं जातं.

कागद

जादा काम तोंडी सांगितलं जातं आणि पैसे लेखी मागावे लागतात. अडचण तिथेच आहे. 'आज जरा थांबाल का?' या प्रश्नाला हो म्हटल्यावर शाळेच्या मेसेंजरवर को-टीचरला एक ओळ टाकावी: आज सहापर्यंत स्पर्धेच्या तयारीसाठी थांबतेय, जादा वेळ म्हणून नोंद होईल ना? यात उद्धटपणा नाही. तिलाही ऑफिसात मंजुरीचा अर्ज टाकावा लागतो, आणि तो आधी टाकलेला बरा. काम झाल्यावर मंजुरी मिळवणं कोरियन ऑफिसात कठीण जातं. महिन्याच्या शेवटी घेतलेल्या तासिकांचा तारीखवार तक्ता तिच्याकडे द्यावा, म्हणजे ऑफिसला तो आपल्या कागदांशी पडताळून पाहता येतो.

नोव्हेंबर २०२१ पासून प्रत्येक मालकाने पगारपत्रक देणं बंधनकारक आहे, आणि त्यात जादा तास किती आणि त्यांचा हिशेब कसा केला हे लिहावं लागतं. ते दर महिन्याला मागून घ्या आणि तक्त्याशी ताडून पाहा. पैसे मिळत नाहीत म्हणून बाहेर खासगी शिकवणी घेऊन भरपाई करायचा विचार मात्र सोडून द्यावा. ई-२ व्हिसावर घरगुती शिकवणी बेकायदा आहे, आणि परवानगीशिवाय दुसऱ्या संस्थेत शिकवणंही.

शाळेशी बोलणं पुढे सरकत नसेल तर आधी शिक्षण कार्यालयातल्या समन्वयकाकडे जावं. तिथेही अडलं तर रोजगार व कामगार मंत्रालयाची १३५० ही हेल्पलाइन आहे, आणि त्यापुढे स्थानिक कामगार कार्यालयातली तक्रार. करार संपवून देश सोडताना सगळी थकलेली रक्कम १४ दिवसांत मिळायला हवी. नाही मिळाली तरी हक्क लगेच बुडत नाही: कोरियात वेतनाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, आणि ती प्रत्येक महिन्याच्या पगारासाठी स्वतंत्र मोजली जाते. म्हणजे पहिल्या वर्षीच्या मार्चमधल्या १२ तासिका चौथ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मागायला गेलात तर त्या गेलेल्या असतील, मेमधल्या अजून मागता येतील.